पाच वाजताची टक्केवारी आणि १७सीचा कागद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक झाली की आठवडाभर एकच वाद रंगतो. पाच वाजता इतके टक्के होते, रात्री इतके कसे झाले? २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान झाले तेव्हा सायंकाळी ५ वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५. फरक ७.८३ टक्क्यांचा. राज्यातल्या सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांच्या हिशेबाने हा फरक ७६ लाखांच्या घरात जातो. ‘रातोरात ७६ लाख मते वाढली’ हे वाक्य मग मोबाइलवर फिरत राहते, आणि दुसरी बाजू तितक्याच घाईने ‘सगळे नियमानुसार आहे’ म्हणून हात झटकते. त्या वेळात केंद्रावर काय चाललेले असते, हे मात्र दोघांपैकी कुणी सांगत नाही. मतदान कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाशी अनेक वर्षे संबंध आल्यामुळे आम्ही ते मांडत आहोत. कोणत्याही पक्षाची वकिली करण्याचा हेतू नाही.

आधी साधा भागाकार. त्या निवडणुकीत राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रे होती. ७६ लाखांना तेवढ्याने भागले तर दर केंद्रामागे सरासरी ७६ मते येतात. रांग सलग चालू असेल तर नाव शोधणे, ओळखपत्र पाहणे, सही, शाई, बटण आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी हे सगळे धरून एका मतदाराला पाऊण ते एक मिनिट लागते. म्हणजे तासाला ६० ते ८० मते. सरासरी आकड्यात अशक्य असे काही नाही. पण सरासरी फसवी असते. एखाद्या वाडीवरच्या केंद्रात साडेपाचला शुकशुकाट असतो, तर शहरातल्या शाळेत एकाच व्हरांड्यात दीडशे माणसे उभी असतात. तेव्हा या भागाकाराने संशय खरा ठरत नाही आणि फिटतही नाही. त्यासाठी प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र कागद पाहावा लागतो. तो कागद म्हणजे नमुना १७सी, त्या केंद्रावर नोंदवलेल्या मतांचा हिशेब. त्याकडे येतोच, पण आधी पाचचा आकडा कसा तयार होतो ते पाहू.

९, ११, १, ३ आणि ५ या वेळांना केंद्राध्यक्ष मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचे (अधिकाऱ्यांच्या टेबलावरच्या भागावरचे) ‘टोटल’ बटण दाबतो किंवा मतदारांच्या सह्यांच्या १७ए नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक पाहतो आणि आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवतो. एका क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे साधारण दहा-बारा केंद्रे. तो एकेक फोन लावत जातो, आकडे तालुक्याच्या नियंत्रण कक्षात देतो, तिथे ते संगणकात भरले जातात. पाच वाजता जाहीर व्हायचा आकडा त्यामुळे बऱ्याच केंद्रांचा चार-चाळीसचा असतो. एखाद्या केंद्राचा फोन लागत नाही, मग तिथे मागचाच आकडा राहतो. थोडक्यात, पाचची टक्केवारी हा अंदाज आहे, हिशेब नव्हे. जून २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केले की यापुढे केंद्राध्यक्षाने दर दोन तासांनी आणि केंद्र सोडण्यापूर्वी शेवटचा आकडा स्वतःच ईसीआयनेट ॲपमध्ये भरायचा. मधले टप्पे गळाले, हे उत्तमच. पण पाच वाजता केंद्राध्यक्षाच्या एका हातात मोबाइल आणि समोर रांग असणार, हेही ध्यानात घ्यावे. बहुतेक केंद्रांवर त्याच्या मदतीला तीनच मतदान अधिकारी असतात.

शेवटच्या तासात वेळ कुठे जातो? लोकांना वाटते, यंत्रापाशी. खरे तर घोडे पेंड खाते ते पहिल्या टेबलावर. एका शाळेत सात-आठ खोल्या, प्रत्येकीत मतदार यादीचा वेगळा भाग. पक्षाच्या कार्यकर्त्याने दिलेल्या चिठ्ठीवर भाग क्रमांक चुकीचा किंवा नाहीच. माणूस अर्धा तास रांगेत उभा राहून आत येतो आणि त्याला कळते की आपले नाव पलीकडच्या खोलीत आहे. तो तिथेच हुज्जत घालतो आणि मागचे सगळे खोळंबतात. रांगेच्या शेपटाशी केंद्रस्तरीय अधिकारी यादी घेऊन बसलेला असला, तर हा घोळ निम्म्याने कमी होतो. पण त्याला प्रवेशद्वारापाशी टेबल टाकून दिलेले असते, आणि गर्दी त्याला ओलांडून थेट खोलीच्या दाराशी जाते. २० मे २०२४ ला लोकसभेच्या वेळी मुंबईत रांगा तासन्‌तास सरकल्या नाहीत, त्यावर उन्हाची आणि सावलीची चर्चा झाली. पहिल्या टेबलाची फारशी झाली नाही.

आता सहाचा ठोका. निवडणूक नियम ४९आर सांगतो की ठरलेल्या वेळेनंतर कुणालाही आत घ्यायचे नाही, मात्र त्या वेळी जे आवारात हजर आहेत त्या सर्वांना मतदान करू द्यायचे. यासाठी केंद्राध्यक्षाने सही केलेल्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या असतात. त्या वाटायला सुरुवात रांगेच्या शेवटच्या माणसापासून करायची. क्रमांक १ त्याच्या हातात, मग पुढे पुढे सरकत दाराशी यायचे. कारण उघड आहे. दारापासून वाटत गेलात तर तुम्ही मागे पोचेपर्यंत शेपटाला आणखी दहा माणसे जोडली जातात आणि ती सहाच्या आधी आली होती की नंतर, हे कुणालाच सांगता येत नाही. चिठ्ठ्या पाच पन्नासलाच सही करून तयार ठेवाव्या लागतात, सहाला सह्या करायला बसले की संपले. बंदोबस्तावरच्या पोलिसाला आधीच सांगून ठेवावे लागते की सहाच्या ठोक्याला फाटक लावायचे आणि रांगेच्या टोकाशी उभे राहायचे. स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा असतील तर दोन्हींच्या शेपटाला एकाच वेळी सुरुवात करावी लागते, म्हणजे एक मतदान अधिकारी खुर्चीवरून उठवावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ आतले मतदान थांबते. सहा वाजून तीन मिनिटांनी दुचाकीवरून धापा टाकत आलेला माणूस फाटकाशी भांडतो, तो वेगळाच.

किती चिठ्ठ्या वाटल्या, हा आकडा केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत लिहायचा असतो. तसा रकानाच आहे. म्हणजे सहा वाजता राज्यभर किती लोक रांगेत होते, ही माहिती केंद्रागणिक कागदावर असते. पण १७सीमध्ये हा रकाना नाही, आणि दैनंदिन्यांमधले आकडे एकत्र करून लोकांपुढे ठेवले जात नाहीत. सहानंतरच्या मतांवरून मुंबई उच्च न्यायालयात गेलेली याचिका २५ जून २०२५ रोजी फेटाळली गेली. निकाल लागला, चर्चा मिटली नाही. ती मिटवू शकेल असा आकडा दैनंदिनीच्या पानावर पडून आहे.

शेवटच्या चिठ्ठीवाल्याचे मत झाले की पुढची पंधरा-वीस मिनिटे सर्वांत धोक्याची. सकाळी साडेपाचपासून जागी असलेली माणसे, बाहेर हॉर्न वाजवणारी एसटी, ‘आमच्या केंद्राचे झाले, तुमचे कधी?’ विचारणारे शेजारच्या खोलीतले सहकारी. याच वेळी क्रम चुकतो. क्रम असा आहे. १७ए नोंदवहीतल्या शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून केंद्राध्यक्षाने सही करायची. ‘टोटल’ दाबून आकडा पाहायचा. मग काळी टोपी काढून ‘क्लोज’ बटण दाबायचे. पडद्यावर दिनांक, वेळ आणि एकूण मते दिसतात, ती तिथल्या तिथे लिहून घ्यायची. त्यानंतरच कंट्रोल युनिट बंद करायचे. युनिट बंद केल्यावर वायरी काढायच्या, आधी नाही. व्हीव्हीपॅटची बॅटरी काढायची, मग तिन्ही यंत्रे आपापल्या पेट्यांत, पत्त्याचे लेबल, लाख, मोहोर.

एक अडचण इतकी नेहमीची आहे की तिच्यावर प्रशिक्षणात स्वतंत्र दहा मिनिटे द्यायला हवीत. तिसऱ्या अधिकाऱ्याने मत खुले करणारे ‘बॅलट’ बटण दाबले, लाल ‘बिझी’ दिवा लागला आणि मतदार बटण न दाबताच निघून गेला. दिवसा असे झाले तर पुढच्या मतदाराला तेच खुले मत वापरू दिले जाते. तेव्हा नोंदवहीत दोन नावे आणि यंत्रात एक मत असा फरक पडतो, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात त्याच क्षणी नोंद हवी. पण हाच प्रकार शेवटच्या मतदाराबाबत झाला तर? ‘बिझी’ दिवा चालू असताना ‘क्लोज’ बटण चालतच नाही. नवखा केंद्राध्यक्ष चार-पाचदा दाबून पाहतो, घाबरतो आणि यंत्र बिघडले असे कळवतो. कुणी त्याच अवस्थेत यंत्र बंद करून पेटीत घालतो. उपाय सोपा आहे. कंट्रोल युनिट बंद करायचे, व्हीव्हीपॅटची जोडणी काढायची, मग युनिट पुन्हा चालू करायचे. दिवा विझतो आणि ‘क्लोज’ चालते. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर हे करून दैनंदिनीत दोन ओळी लिहिल्या की विषय संपला. हे न करताच यंत्र पेटीत गेले तर मतमोजणीच्या टेबलावर ‘क्लोज’ न झालेले यंत्र निकाल दाखवत नाही, आणि तिथे जमलेल्या प्रतिनिधींना ते कारस्थान वाटले तर दोष कुणाला द्यायचा?

आता १७सी. भाग एकमधला हिशेब चौथीच्या वजाबाकीपेक्षा अवघड नाही. १७ए मध्ये नोंदवलेले एकूण मतदार, त्यातून नियम ४९ओ खाली ‘मत देणार नाही’ म्हणून परत गेलेले वजा, नियम ४९एम खाली गुप्ततेचा भंग केल्याने मत नाकारलेले वजा. उरलेली संख्या यंत्रावरच्या एकूण मतांशी जुळली पाहिजे. एखाद्याने ‘मी दाबले एक, चिठ्ठी आली दुसऱ्याची’ अशी लेखी तक्रार केली असेल, तर नियम ४९एमए खालचे चाचणी मत वेगळ्या रकान्यात दाखवायचे असते, कारण ते यंत्रात मोजले गेलेले असते. इथवर ठीक. गोंधळ होतो तो प्रदत्त मताचा. एखाद्याच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला यंत्रावर नव्हे तर कागदी मतपत्रिकेवर मत द्यायला देतात आणि त्याची सही १७बी यादीत घेतात. घाईत दुसरा मतदान अधिकारी ती सही १७ए मध्येच घेतो. झाले, रात्री एकाचा फरक. मग तो एक कुठून आला हे शोधण्यात अर्धा तास. कधी कधी, हे लिहायला नको वाटते पण खरे आहे, फरक शोधण्याऐवजी वहीतला आकडा यंत्राशी ‘जुळवून’ घेतला जातो. फरक लिहून ठेवणे हा गुन्हा नाही. १७सीमध्ये ‘तफावत असल्यास’ अशी जागा त्यासाठीच दिली आहे. फरक झाकला की तो गुन्ह्यासारखा दिसू लागतो.

दुसरी चूक पाकिटांची. हिरव्या पाकिटात वैधानिक कागद, पिवळ्यात अवैधानिक, आणि दमलेला माणूस दिसेल तो कागद दिसेल त्या पाकिटात घालून लाख लावतो. १७सी आणि दैनंदिनी साहित्य स्वीकृतीच्या टेबलावर हातात द्यायची असते. ती हिरव्या पाकिटात सीलबंद झाली तर टेबलावरचा कारकून म्हणतो, ‘फोडा आणि काढा’. रात्री अकराला, प्रतिनिधी नसताना फोडलेले सील. एवढ्यावरही पुढे आरोप होऊ शकतो.

सकाळची एक चूक याच हिशेबात येते. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान घ्यायचे, ज्याला सगळे मॉक पोल म्हणतात. किमान ५० मते, नोटासह प्रत्येक उमेदवाराला किमान एक. मग ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ या क्रमाने यंत्र साफ करायचे, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद करायच्या. प्रतिनिधी उशिरा आले की १५ मिनिटे थांबावे लागते आणि सातची घाई होते. त्या घाईत ‘क्लिअर’ राहून गेले तर दिवसभराच्या मतांत ५० मते जास्त. आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले आहे की अशा केंद्रांवर, तसेच १७सी आणि यंत्र जुळत नसेल तिथे, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्याच. पण काळ्या पाकिटात जायच्या चिठ्ठ्याही पेटीतच राहिल्या असतील तर ती मोजणीही वाकडी होते. आणखी एक बारीक गोष्ट: कंट्रोल युनिटच्या घड्याळात आणि मनगटावरच्या घड्याळात काही मिनिटांचा फरक असू शकतो. तो सकाळच्या मॉक पोलच्या प्रमाणपत्रात लिहायचा असतो. लिहिला नाही आणि ‘क्लोज’ची वेळ पुढे गेलेली दिसली, की पुढे काय होते ते सांगायला नको.

यंत्रबिघाडाची धास्तीही याच धांदलीत भर घालते. २८ मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बंद पडली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. उष्णता आणि प्रखर प्रकाश ही कारणे तेव्हा पुढे आली. तरी आजही कित्येक खोल्यांत मतदान कक्ष खिडकीसमोर किंवा नळीच्या दिव्याखाली थाटलेला दिसतो, कारण प्लगची जागा तिथे असते.

आता पक्षांना उद्देशून. नियम ४९एस प्रमाणे केंद्राध्यक्षाने १७सीची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची आणि पोच घ्यायची असते. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचे, १९ एप्रिल २०२४ च्या मतदानाचे अंतिम आकडे ३० एप्रिलला आले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. सुरुवातीला ६० टक्क्यांच्या आसपास सांगितलेला आकडा ६६.१४ झाला होता. १७सी संकेतस्थळावर टाका, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मे रोजी न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी आयोगाने झालेल्या पाच टप्प्यांची मतदारसंघनिहाय मतांची संख्या प्रसिद्ध केली. मागणी रास्त आहे आणि ती मान्य झाली पाहिजे, असे आमचे मत आहे. पण जो कागद मागण्यासाठी न्यायालयात जावे लागले, तोच केंद्रावर फुकट मिळत असताना घ्यायला माणूस नसतो, हे कसे? साडेपाचला प्रतिनिधी ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणून उठतात ते परत येत नाहीत. केंद्राध्यक्ष प्रती करून वाट पाहतो आणि शेवटी त्या पाकिटात घालतो. ज्या पक्षाकडे राज्यभराच्या १७सी नाहीत, त्याने संशय घ्यावा, पण आधी आपल्या तालुका अध्यक्षाला जाब विचारावा.

प्रतिनिधीने दिवसभरात सहा गोष्टी लिहून ठेवल्या तरी पुरे: कंट्रोल युनिटचा क्रमांक, हिरव्या कागदी सीलचा क्रमांक, मॉक पोलनंतर पडद्यावर शून्य दिसल्याची वेळ, सहाला वाटलेल्या चिठ्ठ्यांची संख्या, १७ए मधला शेवटचा अनुक्रमांक आणि ‘क्लोज’नंतरचा एकूण आकडा. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून वही आणि पेन लागते. मतमोजणीच्या दिवशी हाच कागद टेबलावरच्या पडद्याशी ताडून पाहायचा.

साहित्य स्वीकृतीच्या मैदानाबद्दल थोडक्यात. तिथे दीड-दोनशे केंद्रांची पथके एकाच वेळी येऊन धडकतात, टेबले आठ-दहा. केंद्राध्यक्षाला कार्यमुक्तीचा कागद मिळेपर्यंत रात्रीचे दोन वाजतात. महिला कर्मचाऱ्यांना त्या वेळी गावी पोचवणारी गाडी असेलच असे नाही. ही धास्ती मनात असल्यामुळेच सात वाजता केंद्रावर पाकिटे कशीबशी भरली जातात. टेबले दुप्पट केली आणि एसटीच्या फेऱ्यांप्रमाणे पथकांना येण्याच्या वेळा ठरवून दिल्या, तर १७सीमधल्या खाडाखोडीही कमी होतील.

आमची मागणी आयोगाकडे दोन गोष्टींची आहे. सहाला वाटलेल्या चिठ्ठ्यांची संख्या ॲपमध्ये स्वतंत्र रकान्यात भरून घ्यावी आणि केंद्रनिहाय जाहीर करावी. आणि तो रकाना १७सीच्या प्रतीवरही यावा, म्हणजे प्रतिनिधीच्या हातात राहील. आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडून अपेक्षा इतकीच की पाचची टक्केवारी छापताना शेजारी ‘अंदाजे’ हा शब्द असावा, आणि पुढच्या निवडणुकीत आपल्या वार्ताहराने पाच-दहा केंद्रांच्या १७सीच्या प्रती मतदान प्रतिनिधींकडून मिळवून तिथला पाचचा, सहाचा आणि शेवटचा आकडा शेजारी-शेजारी छापावा.

कळावे,

आपले,
मतदान कर्मचारी प्रशिक्षणात काम केलेले काही निवृत्त शिक्षक व महसूल कर्मचारी